यू-बूटमध्ये कार्ड आणि ईएमएमसीचे क्रमांक पक्के कसे करावेत

काटोलच्या एखाद्या संत्रा ग्रेडिंग युनिटमध्ये कंट्रोलर बोर्ड बसवलेला असतो. नवं लिनक्स कर्नल टाकलं जातं आणि मग लाइट गेली की खेळ सुरू: कधी मशीन सुरळीत उठतं, कधी रूट फाइलसिस्टिमची (लिनक्सच्या मुख्य फाइलींच्या विभाजनाची) वाट बघत तसंच बसतं. हिंगणा एमआयडीसीत फोन येतो, "दादा, बोर्ड गेला वाटते." बोर्ड धड असतो. एसडी कार्ड आणि ईएमएमसी (बोर्डावरच पक्की बसवलेली साठवण चिप) यांचे क्रमांक आपसात बदललेले असतात, एवढंच.

यू-बूट, म्हणजे कर्नल चढवणारा बूटलोडर, सहसा डिव्हाइस ट्रीमध्ये (बोर्डावरच्या हार्डवेअरचं वर्णन करणाऱ्या फाइलमध्ये) कार्ड किंवा ईएमएमसी हाताळणारा जो कंट्रोलर आधी दिसेल त्याला ० देतं. म्हणजे ट्री बदलली, त्यातला एखादा बंद नोड (नोंद) सुरू केला, की क्रमांक सरकू शकतात. लिनक्सचं दुखणं वेगळं. डिसेंबर २०२० मध्ये आलेल्या ५.१० कर्नलपासून बरेच एमएमसी (म्हणजे कार्ड-ईएमएमसी चालवणारे) ड्रायव्हर एकाच वेळी सुरू होतात, आणि जो आधी तयार होईल त्याला पहिला क्रमांक. जनरल डब्यात जो आधी चढला तो खिडकीशी! आपल्याला रिझर्व्हेशन करायचंय.

पायरी १: कोण कुठे आहे ते बघा. ३.३ व्होल्टची यूएसबी-सिरियल केबल जोडा, बॉड रेट बहुतेक बोर्डांवर १,१५,२०० असतो. उलटी मोजणी चालू असतानाच कळ दाबून यू-बूट थांबवा. ‘एमएमसी लिस्ट’ ही आज्ञा द्या, मग एकेक क्रमांक निवडून ‘एमएमसी इन्फो’ने क्षमता बघा. बीगलबोन ब्लॅक या बोर्डाच्या सी आवृत्तीत ४ जीबीची ईएमएमसी आहे, त्यामुळे ३२ जीबीचं कार्ड लगेच वेगळं ओळखू येतं. लिनक्समध्ये आणखी सोपी खूण आहे: ज्याच्या नावाशेजारी ‘बूट०’ आणि ‘बूट१’ दिसतात ती ईएमएमसी.

पायरी २: एलियास, म्हणजे क्रमांकासकट ठरवून दिलेलं टोपणनाव, लिहा. बोर्डाच्या डिव्हाइस ट्रीमध्ये ‘एलियासेस’ नावाचा नोड असतो, नसेल तर करा. त्यात ‘एमएमसी०’समोर कार्डाच्या कंट्रोलरचं लेबल आणि ‘एमएमसी१’समोर ईएमएमसीच्या कंट्रोलरचं लेबल द्या. यू-बूटच्या कॉन्फिगमध्ये ‘डीएम सीक्वेन्स एलियास’ हा पर्याय चालू हवा. ज्या कंट्रोलरला एलियास नाही, त्याला सगळ्यात मोठ्या एलियासच्या पुढचा क्रमांक मिळतो, म्हणून तो मध्ये घुसत नाही.

पायरी ३: हेच लिनक्सच्या ट्रीमध्येही. यू-बूटची ट्री आणि कर्नलला दिली जाणारी ट्री बहुधा वेगवेगळ्या फाइली असतात. एकीत बदल करून दुसरी विसरणं ही सगळ्यात नेहमीची चूक. एमएमसीचा एलियास मानण्याची सोय कर्नलमध्येही ५.१० पासूनच आहे.

पायरी ४: रूटला विभाजनाच्या ओळखीने बोलवा. कर्नलला सुरू होताना दिल्या जाणाऱ्या बूट आर्ग्युमेंटमध्ये ‘एमएमसीबीएलके१’ असं क्रमांकाचं नाव लिहिण्याऐवजी पार्टयूयूआयडी (त्या विभाजनाची स्वतःची ओळख-संख्या) द्या. यू-बूटची ‘पार्ट यूयूआयडी’ ही आज्ञा ती काढून व्हेरिएबलमध्ये ठेवते.

मग एलियास कशाला, असं कॉलेजची पोरं हमखास विचारतात. कारण असं: उत्पादनात कार्डावरची अख्खी प्रतिमा ‘डीडी’ या हुबेहूब प्रत करणाऱ्या आज्ञेने ईएमएमसीवर उतरवली, की पार्टयूयूआयडीही जशीच्या तशी उतरते. आता कार्ड आत राहिलं तर दोघांची ओळख एकच, आणि कर्नल जे आधी सापडेल ते उचलतं. बूट ईएमएमसीवरून, फाइली कार्डावरच्या. असा घोळ शोधायला दिवस जातो. अशा वेळी दोघांना वेगळं ओळखायला पक्का क्रमांकच कामी येतो. विभाजनांचा तक्ता जीपीटी प्रकारचा असेल तर ‘एसजीडिस्क’च्या मोठ्या ‘जी’ पर्यायाने ओळखी नव्या करा. एमबीआर असेल तर ‘एफडिस्क’च्या एक्स्पर्ट मोडमध्ये डिस्कची ओळख बदला. नंतर बूट आर्ग्युमेंटमध्येही नवीन ओळख टाका.

पायरी ५: एन्व्हायर्नमेंटची जागा तपासा. यू-बूटची सेटिंग्ज एमएमसीवर साठवली असतील, तर तेही उपकरण कॉन्फिगमध्ये क्रमांकानेच लिहिलेलं असतं. एलियास बदलल्यावर हा आकडा दुरुस्त केला नाही, तर यू-बूट भलत्याच जागी वाचतं, चेकसम जुळत नाही आणि मूळ सेटिंग्ज परत येतात.

पायरी ६: चाचणी. वीज पूर्ण तोडून, कार्डासह आणि कार्डाविना, पुन्हा पुन्हा सुरू करून बघा. नुसत्या रीसेटवर विसंबू नका. पेनड्राइव्हही लावून बघा. यूएसबीवरच्या डिस्कना या एलियासचा उपयोग नाही, त्या सापडतील त्या क्रमानेच येतात.

आणि प्रोसेसरमधला बूट रॉम (त्यात कायमचा कोरलेला, सगळ्यात आधी चालणारा प्रोग्राम) पहिल्यांदा कुठून वाचतो ते पिनांवर ठरतं. बीगलबोन ब्लॅकच्या ईएमएमसीवर बूटलोडर असताना रॉमला कार्डावरून उठवायचं असेल, तर वीज देताना एस२ बटण दाबावंच लागेल, एलियास काहीही असो.