गोधडीसाठी एम्ब्रॉयडरी मशीन घेताय? या चुका टाळा

दुकानात गेल्यावर बहुतेकांचा पहिला प्रश्न असतो, "यात डिझाइनं किती आहेत?" चूक तिथूनच सुरू होते. मशीनमध्ये भरून दिलेली फुलं, कार्टून, अक्षरं कुर्त्यावर आणि टॉवेलवर शोभतात. गोधडीवर चालणारी त्यात फार थोडी असतात. डिझाइन नंतर कधीही विकत घेता येतं. आधी ठरवायचं ते हे, की मशीनकडून काम कोणतं हवंय: तुकडे जोडायचे आहेत, एकेका चौकोनावर नक्षी भरायची आहे, की वरचं कापड, मधला भराव आणि अस्तर एकत्र टाचायचं आहे. ही तीन कामं वेगळी आहेत.

नुसतं एम्ब्रॉयडरीचं मशीन घेतलं तर त्याला कापड पुढे सरकवणारे दाते नसतात, म्हणजे सरळ शिलाईही मारता येत नाही. हे पैसे भरून झाल्यावर कळणाऱ्या बायका दरवर्षी भेटतात. दोन्ही कामं करणारं जोडमशीन मिळतं, पण ते एका चौकोनावर पाऊण तास नक्षी भरत असलं की तेवढा वेळ जोडकाम थांबतं. घरातलं शिलाई मशीन नीट चालत असेल तर ते ठेवा आणि शेजारी नुसतं एम्ब्रॉयडरीचं घ्या. जोडमशीन जागा कमी असेल तरच.

रिंगचं माप न बघणं

सगळ्यात महाग पडणारी चूक हीच. रिंग, म्हणजे कापड ताणून धरणारी चौकट, केवढी दिसते याला महत्त्व नाही. सुई किती जागेत फिरते ते माप विचारा, आणि मिलिमीटरमध्ये विचारा. चार बाय चार इंच म्हणजे १०० × १००, पाच बाय सात म्हणजे १३० × १८०, आठ बाय आठ म्हणजे २०० × २००.

आता गणित करा. सिंगल गोधडी, १२ इंची चौकोन, ५ आडवे आणि ७ उभे, म्हणजे ३५ चौकोन. प्रत्येकाच्या मधोमध साडेसात इंचाची नक्षी, म्हणजे १९० मिलिमीटर. २०० च्या रिंगमध्ये ती एका दमात बसते. १३० × १८० च्या रिंगमध्ये ती रुंदीतही मावत नाही आणि उंचीतही दहा मिलिमीटरने हुकते. मग नक्षीचे चार भाग करायचे, चार वेळा कापड रिंगमध्ये लावायचं. ३५ चौकोनांना १४० वेळा. एका वेळेला मध्यरेषा जुळवून रिंग कसायला पंधरा मिनिटं धरली तरी ३५ तास निव्वळ रिंग लावण्यात जातात, एकही टाका पडायच्या आधी. शिवाय जोडावर एक मिलिमीटर इकडेतिकडे झालं तरी धावदोऱ्याच्या नक्षीत ते लगेच दिसतं. भरीव फुलात लपतं, रेषेत नाही.

यावर दुकानात उत्तर मिळतं: "मोठी रिंग वेगळी घ्या." फसू नका. लहान मशीनसाठी मिळणारी लांब रिंग दोन-तीन खाचांत हाताने सरकवायची असते. सुईची हद्द तेवढीच राहते, डिझाइनचे तुकडे करावेच लागतात. मशीनची हद्द रिंग बदलून वाढत नाही. गोधडी हेच मुख्य काम असेल तर २०० × २०० पेक्षा लहान घेऊ नका. पैसे कमी पडत असतील तर सहा महिने थांबा. घाईने लहान मशीन घेऊन पुढच्या दिवाळीला ते निम्म्या किमतीत विकण्यापेक्षा ते बरं.

परदेशातून आणलेलं मशीन

पुण्यात हे फार होतं. मुलगी किंवा सून अमेरिकेहून येताना सेलमधलं मशीन बॅगेतून आणते. पिन आपल्या सॉकेटला बसत नाही, म्हणून कोपऱ्यावरच्या इलेक्ट्रिकच्या दुकानातून छोटा कन्व्हर्टर येतो. बटण दाबलं की एक बारीक "टक" ऐकू येतं, जळका वास येतो आणि पडदा काळा पडतो. मशीनच्या मागच्या पट्टीवर १२० व्होल्ट लिहिलेलं असतं, आपल्या घरात २३० येतात. त्या कन्व्हर्टरने फक्त पिनेचा आकार बदलला, व्होल्टेज नाही. आतला पॉवर बोर्ड जातो. ते मॉडेल इथे विकलंच जात नसेल तर सुटा भाग मिळत नाही, आणि वॉरंटी सहसा खरेदीच्या देशापुरतीच असते. त्या लेकीला काय वाटत असेल ते वेगळंच.

पट्टीवर "१००–२४०" असेल तर काळजी नाही, पिन बदलून चालतं. नुसतं १२० असेल तर २३० वरून ११० वर आणणारा स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर घ्या; पट्टीवर मशीनचे जेवढे वॉट लिहिलेत त्याच्या निदान दुप्पट क्षमतेचा. आणि मशीनची वायर ट्रान्सफॉर्मरला जाड चिकटपट्टीने कायमची बांधून टाका. घरातलं कुणीतरी झाडताना ती काढतं आणि सरळ भिंतीत खुपसतं.

विजेचंच आणखी एक: गुरुवारी दुरुस्तीसाठी वीज जाते हे पुणेकरांना सांगायला नको. डिझाइन चालू असताना दुकानातच स्विच बंद करून बघा. मशीन त्याच टाक्यापासून पुन्हा सुरू होतं का? होत नसेल तर टाक्याचा आकडा टाकून पुढे जाता येतं का, ते विचारा.

बारीकसारीक, पण नडणाऱ्या

डिझाइन विकत घेताना आपल्या मशीनला चालणारा फाइलचा प्रकार बघा: ब्रदरला पीईएस, जानोमेला (म्हणजे उषा जानोमेलाही) जेईएफ. डीएसटी या आणखी एका प्रकारच्या फाइलमध्ये रंगांची माहिती नसते, त्यामुळे पडद्यावर भलतेच रंग दिसले तर घाबरू नका.

चौकोन साडेबारा इंचाचा (बारा इंच आणि जोडशिलाईची जागा) कापून मग त्यावर भरू नका. टाके कापड आत ओढतात आणि शेवटी सव्वाबाराच हातात येतो. १४ इंच कापा, भरा, इस्त्री करा, मग मध्यरेषा धरून साडेबारावर आणा.

खुणांच्या निळ्या पेनवर इस्त्री फिरवायची नाही. आधी गार पाण्याने खूण घालवा, नाहीतर ती कापडात पक्की बसते.

पाण्यात विरघळणारा स्टॅबिलायझर (भरताना कापडाला आधार देणारा पातळ थर) पावसाळ्यात उघडा राहिला तर चिकट होतो. झिपच्या पिशवीत ठेवा.

तिन्ही थरांतून टाचताना दाट भरीव डिझाइन नको. वीस हजार टाक्यांचा मोर गोधडीवर पुठ्ठ्यासारखा कडक होतो आणि अंगावर घ्यावीशी वाटत नाही. एकेरी किंवा तिहेरी धावदोऱ्याचीच नक्षी घ्या.

बॉबिनला, म्हणजे खालच्या रिळालाही, वरच्याच रंगाचा दोरा लावा, कारण गोधडीची मागची बाजू दिसते. एम्ब्रॉयडरीत मशीन वरचा दोरा मुद्दाम खाली ओढतं. म्हणून वरचा ताण थोडा वाढवून आधी चिंधीवर बघायचं. दुसरी बॉबिन केस मिळत असेल तर तीच गोधडीसाठी बसवून ठेवा.

गोधडी टेबलाखाली लोंबणं

"नक्षी अर्ध्यातून सरकली, मशीन बिघडलंय" ही तक्रार घेऊन लोक सर्व्हिस सेंटर गाठतात. मशीन बहुतेक वेळा ठणठणीत असतं. गोधडीचा भार टेबलाच्या कडेवरून खाली लोंबत असतो, आणि मशीनचा रिंग सरकवणारा हात तो ओढू शकत नाही. मोटरच्या पायऱ्या चुकतात आणि पुढचे सगळे टाके त्या फरकाने पडत जातात. डावीकडे आणि मागे त्याच उंचीचं टेबल लावा. गोधडी घट्ट गुंडाळू नका, सैल ढिगासारखी राहू द्या. वेग सहाशेवरून चारशेवर आणा. वेगाची घाई झालेल्यांच्याच गोधड्या उसवाव्या लागतात.

जुन्या सुती लुगड्यांचे पाच-सहा थर असतील तर रिंग बळजबरीने कसू नका. स्क्रू तुटतो आणि कापडावर वळ उठतो. रिंगमध्ये फक्त स्टॅबिलायझर ताणा, गोधडी त्यावर पसरा आणि कडेने मशीनचाच मोठा कच्चा टाका मारून घ्या. सुई ७५ नंबरची पातळ पडते, ९० ची लावा.

आणि दुकानात डेमो बघायला जाताना एक फुटाचा आपल्याच गोधडीचा तुकडा सोबत न्या: तेच लुगडं, तोच भराव, तेच अस्तर. त्यांच्या कडक पांढऱ्या कापडावर सगळीच मशीनं सुंदर चालतात. आपल्या तुकड्यावर एक पूर्ण नक्षी करायला लावा आणि तुकडा उलटा करून मागचे टाके उजेडात बघा. विक्रेता तुकडा लावायला नाही म्हणाला, तर दुसऱ्या दुकानात जा.