नजरेचे ठिपके बटणाखाली सरकतात? स्केलिंग तपासा

नजर वेबपानावरच्या 'अर्ज करा' बटणावर, पण आय-ट्रॅकरचा (नजर कुठे आहे ते टिपणाऱ्या यंत्राचा) ठिपका त्याच्या खाली. वरच्या डाव्या कोपऱ्यात फरक जवळपास शून्य, खाली-उजवीकडे वाढत जाणारा. नऊ बिंदूंचं कॅलिब्रेशन (ट्रॅकरची डोळ्यांशी जुळणी) तीनदा केलं, चष्मा पुसला, पडदे ओढले. डोकं फिरायची वेळ आली.

दोष विंडोजच्या १२५ टक्के स्केलिंगचा, म्हणजे स्क्रीनवरचं सगळं सव्वापट मोठं दाखवण्याचा. त्यामुळे तीच स्क्रीन ट्रॅकर १९२०×१०८० पिक्सेलची धरतो, ब्राउझर १५३६×८६४ ची. फुल स्क्रीनवर वरून ६४० पिक्सेलवरच्या बटणाकडे पाहिलं तरी नोंद ८०० ची, म्हणजे १६० पिक्सेल खाली.

ब्राउझरचा झूम १०० टक्के ठेवा. नजरेच्या आकड्यातून आधी पानाच्या दिसणाऱ्या भागाची सुरुवात वजा करा, मग १.२५ ने भागा, शेवटी स्क्रोल (पान किती सरकवलं तो आकडा) मिळवा. स्क्रोल आधी मिळवलात तर तोही भागला जातो आणि लांब पानावर चूक पुन्हा उगवते. जुन्या नोंदींनाही हेच चालतं. ठिपके खाली पडतात म्हणून बटण हलवायचा घाट रद्द.