हरिश्चंद्रगडावर थंडीत मुक्काम: कपड्यांची तयारी

डिसेंबर-जानेवारीत हरिश्चंद्रगडावर राहायचं ठरलं की सगळे आधी जॅकेट शोधायला लागतात. माझं सांगणं असं की सॅकमध्ये सगळ्यात आधी रात्रीचा कोरडा जोड गेला पाहिजे. एक टी-शर्ट, पातळ थर्मलचा वर-खालचा जोड, अंतर्वस्त्रं आणि लोकरीचे मोजे. हे सगळं जाड प्लास्टिकच्या पिशवीत घालून तोंडाला गाठ मारायची आणि वर पोचेपर्यंत पिशवी उघडायची नाही.

खिरेश्वरहून टोलार खिंडीची वाट चढताना ऐन थंडीतही घाम निथळतो. सॅकखालचा शर्ट तर पिळावा इतका भिजतो. सुती कापड ते पाणी धरून बसतं आणि ऊन गेलं की अंगातली ऊब ओढून घेतं. पहिल्या मुक्कामाला मी ओल्या बनियनवरच स्वेटर आणि जॅकेट चढवलं होतं. रात्री दोनला गुहेत दात वाजायला लागले. जॅकेट बाहेरून कोरडं ठणठणीत, आत हात घातला तर पाठ गारढोण. मित्राने त्याचा कोरडा शर्ट दिला, तो घातल्यावर कुठे झोप लागली. तेव्हापासून बनियन आणि जीन्स मी घरीच ठेवतो.

चढताना अंगात पॉलिएस्टरचा एकच पूर्ण बाह्यांचा टी-शर्ट पुरे. पहाटे निघालात तर सुरुवातीला थोडी थंडी वाजू द्या, पंधरा मिनिटांत अंग तापतं. विसाव्याला थांबलात की विंडचीटर लगेच अंगावर, त्यामुळे तो सॅकच्या वरच्या कप्प्यात हवा.

वर पोचल्यावर, कोकणकड्यावर सूर्यास्त बघायला जाण्याआधीच कपडे बदला. अंगाला लागून थर्मल, त्यावर फ्लीस म्हणजे मऊ लवदार कापडाचं जॅकेट, सगळ्यांवर विंडचीटर. फ्लीस ऊब धरतो, पण वारा त्यातून आरपार जातो, आणि कड्यावर वारा अडवायला काही म्हणजे काही नाही. वेगळा विंडचीटर नसेल तर पावसाळ्यातला रेनकोट चालतो. घरीच एकदा सगळे थर चढवून हात वर करून बघा, वाकून बघा. काखेत आवळत असेल तर वरचा कपडा एक माप मोठा घ्या. फ्लीस दाबला गेला की त्यातली हवा जाते आणि ऊबही.

कानटोपी, मफलर, हातमोजे घ्याच. मोजे मात्र सैल हवेत, दोन घट्ट जोड एकावर एक घातले तर पाय जास्तच गार पडतात.

झोपताना निम्मी थंडी खालच्या कातळातून येते. आधी वर्तमानपत्रं, मग कॅरीमॅट (गुंडाळून नेायची फोमची चटई), मग स्लीपिंग बॅग. उरलेलं जॅकेट अंगावर घेण्याऐवजी कमरेखाली सारा. घामाचे कपडे वेगळ्या पिशवीत, उशाला नकोत.

केदारेश्वराच्या गुहेतल्या गार पाण्यात उतरायचं असेल तर सकाळी ऊन वर आल्यावर. त्यासाठी पंचा आणि एक जादा चड्डी. संध्याकाळी मोह झाला तरी उतरू नका.

आणि सूर्योदयाला गडाच्या तारामती शिखरावर जाणार असाल तर चढ लागायच्या आधी फ्लीस काढून पाठीवरच्या छोट्या पिशवीत टाका, माथ्यावर पोचलात की पुन्हा घाला.