सुट्टी बिघडते ती दुपारी: मे महिन्यात घरी आणि सहलीला या चुका टाळा

परीक्षा संपल्या की घरातली मोठी माणसं कागद-पेन घेऊन बसतात. सकाळी पोहणं, दहाला चित्रकला, मग मामाचं गाव, शेवटी कोकण. कागदावर सगळं बसतं. फसतं कुठे ते पाहिलं, तर घड्याळात जवळपास नेहमी अकरा ते चारच्या मध्ये काहीतरी वाजलेलं असतं. भांडणं, रडारड, ऊन लागणं, घाटात उलट्या, रिसॉर्टच्या दारात 'रूम एक वाजता मिळेल' म्हणून ताटकळणं, सगळं त्याच वेळात. म्हणून आमच्या घरात आता बेत ठरवताना पहिला प्रश्न एकच असतो: दुपारी आपण कुठे असणार?

घरची दुपार

पहिली चूक म्हणजे 'मला कंटाळा आलाय' हे वाक्य ऐकताच मोठ्यांनी धावून काहीतरी हातात देणं, आणि ते काहीतरी बहुतेक वेळा मोबाइल असतो. दहा-पंधरा मिनिटं काहीच करू नका. पलंगाची चादर खाली ओढून तंबू होतो, नाहीतर पत्त्यांचा बंगला उभा राहतो. नाहीच झालं, तर मग आपण उठायचं.

पत्त्यांच्या डावात वेगळीच अडचण येते. दहा वर्षांची ताई आणि पाच वर्षांचा भाऊ एकाच डावात बसले की तिसऱ्या मिनिटाला धाकटा बाद होतो आणि आरडाओरडा सुरू. आपल्याकडे यावर जुना उपाय आहे: त्याला लिंबूटिंबू करा. तो खेळतो, पण बाद होत नाही. मात्र हे डाव मांडण्याआधी जाहीर करायचं. मध्येच सवलत दिली की ताई पत्ते फेकते, आणि तिचं चूक नसतं. लहान असतील तर बदाम सात आणि झब्बू चालतात. पाच-तीन-दोनला हात मोजावे लागतात, त्यासाठी थोडं थांबा.

वाळवणात मुलांना घ्यायचं असेल तर कुरडयांपासून सुरुवात करू नका. गहू तीन दिवस भिजवा, रोज पाणी बदला, वाटा, चीक काढा, शिजवा. मुलांच्या वाट्याला यात वाट पाहण्याखेरीज काहीच येत नाही. साबुदाण्याच्या पापड्या घ्या. त्या बिघडल्या तर कारणं ठरलेली असतात. पापडी प्लास्टिकवर पसरत गेली तर मिश्रण पातळ राहिलंय. आधी ताटलीत एक डाव टाकून पाहा, गोल राहिला तर ठीक. सोडवताना फाटली तर ओली असतानाच ओढली आहे. कडा आपोआप उचलल्या जाईपर्यंत थांबायचं आणि मग उलटायची. महिन्याभराने डब्यात बुरशी आली तर शेवटचं ऊन कमी पडलं. वाळलेली पापडी वाकत नाही, कट्कन मोडते.

पण सगळ्यात मोठी चूक वेळेची. नाश्ता आटपून दहा वाजता गच्चीवर गेलात, तर मिश्रण पातेल्यात आळून बसतं आणि मुलांचे तळवे भाजतात. आठच्या आत घालून मोकळं व्हा. कावळ्यांची राखण हे मुलांचं पारंपरिक काम, पण ते जिन्याच्या सावलीतून करायचं. अर्धवट वाळलेल्या पापड्या राखणदारच खातात. त्या हिशेबात धराच.

भर दुपारी गच्चीवर जावं असा एकच दिवस

महाराष्ट्र पूर्णपणे कर्कवृत्ताच्या दक्षिणेला आहे, त्यामुळे इथल्या प्रत्येक गावावरून सूर्य वर्षातून दोनदा थेट डोक्यावरून जातो. त्या दिवशी सरळ उभ्या वस्तूची सावली काही क्षण तिच्या बुडाखाली नाहीशी होते. हाच शून्य सावलीचा दिवस. दुसरा योग जुलै-ऑगस्टमध्ये ढगांत बुडतो, म्हणून खरा आपला तो मे महिन्यातला. पणजीत 2 मेच्या आसपास, कोल्हापुरात 6-7 मे, पुण्यात 13-14 मे, मुंबईत 15-16 मे, छत्रपती संभाजीनगरला 19 मे आणि नाशिकला 20 मेच्या सुमारास, नागपुरात 26 मेच्या आसपास.

'आम्ही केलं, पण सावली दिसतच राहिली' अशी तक्रार दरवर्षी ऐकू येते. बहुतेकांनी बरोबर बारा वाजता पाहिलेलं असतं. आपलं घड्याळ 82.5 अंश पूर्व रेखावृत्ताप्रमाणे चालतं आणि आपण त्याच्या बरेच पश्चिमेला, त्यामुळे सूर्य माथ्यावर यायला उशीर होतो. मे महिन्यात मुंबईत साधारण 12 वाजून 35 मिनिटं, पुण्यात 12:31, नागपुरात 12:10 च्या पुढेमागे. वीस मिनिटं आधी गच्चीवर जाऊन दर पाच मिनिटांनी सावलीच्या टोकाला खडूने खूण करत गेलात, तर ती आखडत जाताना दिसते. मजा खरी त्यात आहे.

दुसरं कारण कललेली काठी. गच्चीला पाणी वाहून जायला उतार दिलेला असतो, त्यामुळे पाइप ठेवला की तो तिरकाच उभा राहतो. गवंड्याचा ओळंबा करा: सुतळीला कुलूप बांधून ती हवेत लोंबती ठेवा, वारा नसेल तर याहून सरळ काही नाही. ढग आले तर नाराज होऊ नका, दुसऱ्या दिवशी पुन्हा जा. सूर्य एका दिवसात उत्तरेकडे साधारण पाव अंशच सरकतो, म्हणजे मीटरभर काठीची सावली चार-पाच मिलिमीटर पडेल. मुलांना तेवढा फरक दाखवता आला तर दुसरा दिवस पहिल्याहून चांगला. टोप्या घाला, वर सूर्याकडे पाहू देऊ नका, आणि पावणेएकला सगळे खाली.

गावी गेल्यावर: विहीर आणि शेततळं

इथे मात्र थट्टा नाही. गावच्या विहिरीत पाठीला डबा बांधून पोहायला शिकलेली पिढी मुलांनाही तिथेच नेते, आणि ते छानच आहे. चूक होते ती शेततळ्याला विहिरीसारखंच समजण्यात. विहिरीला पायऱ्या असतात, निदान धरायला दगड असतो. शेततळ्याला आतून प्लास्टिकचा कागद अंथरलेला असतो, बाजू उतरत्या असतात आणि पाण्याने तो कागद शेवाळतो. पट्टीचा पोहणाराही त्यावरून वर चढू शकत नाही, आणि त्याला काढायला गेलेला दुसराही आत जातो. शेततळं पोहण्यासाठी नाही, असं मुलांना गावात पाऊल ठेवताच सांगा. ज्यांचं शेत आहे त्यांनी गाठी मारलेला दोर काठाला कायमचा बांधून ठेवावा.

पोहताना पाच मोठी माणसं काठावर असली की प्रत्येकाला वाटतं, दुसरा बघतोय. बुडणारं मूल ओरडत नाही, त्याला श्वासच पुरत नाही. पाळी लावा: अर्धा तास तुमचा, अर्धा तास भाऊजींचा, आणि ज्याची पाळी त्याचा फोन दुसऱ्याच्या खिशात.

कोकणात जाताना

तिकिटाची चूक घरबसल्या होते. 1 नोव्हेंबर 2024 पासून रेल्वेचं आगाऊ आरक्षण 120 ऐवजी 60 दिवस आधी सुरू होतं. 1 मेला निघायचं तर खिडकी मार्चच्या सुरुवातीला, ऐन परीक्षेच्या धामधुमीत उघडते. तारीख आत्ताच कॅलेंडरवर लिहून ठेवा.

गाडीने जाणाऱ्यांचा शत्रू घाट. निघताना 'पोटात काहीतरी असू दे' म्हणून मुलांना दूध पाजतात आणि गप्प बसावीत म्हणून हातात फोन देतात. डोळे स्थिर पडद्यावर, कान मात्र वळणं सांगतायत, मेंदूचा गोंधळ होतो आणि तिसऱ्या वळणावर दूध बाहेर येतं. कोरडं खाणं द्या, घाट लागण्याआधी फोन काढून घ्या, समोरचा रस्ता दिसेल असं बसवा आणि भेंड्या सुरू करा. आलेपाकाची वडी जवळ असू द्या. पिशव्या हाताशी ठेवा, डिकीत ठेवून उपयोग नाही.

किनाऱ्यावर लोक नेमके तीन वाजता पोचतात, कारण जेवण झालेलं असतं आणि खोली मिळालेली असते. वाळू तापलेली, सावली नाही. सकाळी सहा ते आठ आणि संध्याकाळी पाचनंतर, एवढाच किनारा धरा. आणि निघण्यापूर्वी दिनदर्शिकेत तिथी बघा. कोकणातला जुना हिशेब आहे: तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ मिळते. चतुर्थीला तीनच्या सुमारास पूर्ण भरती, अष्टमीला सहाच्या सुमारास, आणि तिथून सहा तासांनी ओहोटी. अष्टमीच्या संध्याकाळी गेलात तर किल्ले बांधायला वाळूच उरत नाही. अमावस्या-पौर्णिमेला उधाण असतं आणि दुपारभर पाणी ओढ घेऊन मागे जातं. हा हिशेब ढोबळ आहे. पाण्यात उतरायचं की नाही हे जीवरक्षकाला किंवा तिथल्या कोळ्याला विचारून ठरवा. गणपतीपुळ्याला धोक्याच्या पाट्या आहेत, त्या शोभेच्या नाहीत. हरिहरेश्वरची देवळामागची प्रदक्षिणेची वाट ओहोटीतच करायची. भरतीत तिथल्या खडकांवरून माणसं ओढली गेली आहेत. गाडी वाळूत नेण्याबद्दल लिहावंसं वाटत नाही, पण दर मे महिन्यात कोणीतरी नेतंच, चाकं रुततात आणि भरती कोणासाठी थांबत नाही.

मेच्या शेवटच्या आठवड्यात जंजिरा-सिंधुदुर्गासारख्या किल्ल्यांच्या होड्या आणि तारकर्लीचे पाण्यातले खेळ पावसाळ्यासाठी बंद होतात. 'शेवटी शेवटी जाऊ, गर्दी कमी असेल' म्हणणारे धक्क्यावरून किल्ल्याचा फोटो काढून परततात.

गावातल्या गावात एक दिवस

लांब जाणार नसाल तर साप्ताहिक सुट्टी तपासा. मुंबईची राणीची बाग आणि पुण्याचं कात्रजचं प्राणिसंग्रहालय बुधवारी बंद, बोरिवलीचं राष्ट्रीय उद्यान सोमवारी, ताडोबा मंगळवारी. माथेरानला गाडी दस्तुरी नाक्यापर्यंतच जाते, पुढे बाजारपेठेपर्यंत अडीच-तीन किलोमीटर तांबड्या मातीतून. चाकांची बॅग ओढत नेऊ नका.

पाण्याच्या बाटल्या सगळेच नेतात, मीठ-साखर कोणी नेत नाही. लिटरभर पाण्याला चहाचे सपाट सहा चमचे साखर आणि त्याच चमच्याने अर्धा चमचा मीठ, हे प्रमाण पाठ करा. मूल चिडचिडं झालं, लघवी कमी झाली की सावलीत बसवून हे घोटघोट द्यायचं. अंग तापलंय आणि बोलणं असंबद्ध होतंय, तर घरगुती उपाय थांबवा. अंगावर पाणी ओता, वारा घाला, शुद्ध हरपत असेल तर तोंडात काही घालू नका आणि 108 ला फोन लावा. उभ्या गाडीत काच थोडी उघडी ठेवून मुलाला 'दोन मिनिटं' बसवणं हीसुद्धा याच यादीतली चूक.

आणि एक रात्र

मेअखेरीस वळवाच्या सरी पडल्या की भंडारदरा, पुरुषवाडी, राजमाची भागात काजवे दिसू लागतात. इथे दुपारचा प्रश्नच नाही, तरी लोक घोटाळे करतात. हेडलाइट चालू ठेवून झाडापर्यंत गाडी नेतात, टॉर्च मारतात, फ्लॅश टाकून फोटो काढतात. फोटोत फक्त पानं येतात. काजव्याचा नर मादीला बोलावण्यासाठी चमकतो, आपल्या उजेडात ते बोलावणं बुडून जातं. मुलांना बाटलीत काजवे भरू देऊ नका. गाडी लांब थांबवा, स्थानिक वाटाड्या घ्या, आणि वाटेवर लागलाच तर टॉर्चवर लाल जिलेटिन लावून तो खाली पायाकडे धरा.

पहिली दहा मिनिटं मुलं म्हणणार, 'कुठे आहेत? काहीच दिसत नाही.' अंधाराला डोळे सरावायला वीस-पंचवीस मिनिटं लागतात, आणि कोणी एकाने मेसेज बघायला फोन काढला की सगळ्यांचे डोळे पुन्हा पहिल्यापासून. बहुतेक वेळा तो फोन बाबांचा असतो.