लोहाधारित सुपरकंडक्टर: कोरिलेशन जोखताना या चुका टाळा

मुंबईत कलिना, पवई किंवा कुलाब्याच्या संस्थांत प्रोजेक्ट करणारी मुलं लोहाधारित सुपरकंडक्टरांकडे (थंड केल्यावर विनारोध वीज वाहू देणाऱ्या लोखंडाच्या संयुगांकडे) येतात, तेव्हा डोक्यात बहुधा क्युप्रेट, म्हणजे तांबे-ऑक्सिजनचे सुपरकंडक्टर असतात. क्युप्रेटचं मूळ संयुग विद्युतरोधक, इथलं मूळ संयुग धातू. म्हणजे इथे इलेक्ट्रॉन कोरिलेशन (इलेक्ट्रॉनांचा एकमेकांवरचा प्रभाव) किरकोळ, असं ते धरून चालतात. ही चूक सगळ्यात महागात पडते, कारण पुढचं सगळं गणित तिच्यावरच उभं राहतं.

लोखंडाच्या पाच डी ऑर्बिटल्समध्ये इथे सुमारे सहा इलेक्ट्रॉन असतात. त्यांना जागीच रोखून धरण्याइतका यू (एकाच अणूवरच्या इलेक्ट्रॉनांमधलं प्रतिकर्षण) मोठा नसतो, पण हुंड कपलिंग (जे) त्यांचे स्पिन एका दिशेला वळवतं आणि एका अणूवरून दुसऱ्यावर जाणं अवघड करून ठेवतं. पदार्थ धातूच राहतो, इलेक्ट्रॉन मात्र जड होतात. हौले आणि कोटलियार या सैद्धांतिक भौतिकशास्त्रज्ञांनी २००९ मध्ये हे दाखवलं. म्हणून गणितात यू बदलून पाहता तसं ‘जे’सुद्धा थोडंसं बदलून पाहा. फरक बहुधा तिथेच दिसेल. आणि पेपरातला यू जसाच्या तसा उचलू नका. फक्त डी ऑर्बिटल्सच्या मॉडेलमधला यू लहान असतो, लोखंडाशेजारच्या आर्सेनिकची पी ऑर्बिटल्स धरली की मोठा घ्यावा लागतो.

डीएफटीचे (संगणकी घनता-फलन गणिताचे) बँड, म्हणजे इलेक्ट्रॉनांच्या ऊर्जांचे पट्टे, प्रयोगाशी जुळत नाहीत म्हणून सगळ्यांना एकाच आकड्याने भागणं, हेही नेहमीचंच. भाजक ऑर्बिटलगणिक बदलतो; डी ऑर्बिटल्सपैकी एक्सवाय सहसा सगळ्यात जड. एफईएसईमध्ये (लोह सेलेनाइडमध्ये) तर फर्मी पॉकेट्सही (वीज वाहणाऱ्या इलेक्ट्रॉनांनी व्यापलेले कप्पेही) डीएफटीपेक्षा बरीच लहान दिसतात, ते भागाकाराने सुटत नाही.

लोखंडाच्या थरापासूनची आर्सेनिकची उंची तपासाच. चुंबकत्व न धरता रचना रिलॅक्स केली (गणिताला अणूंच्या जागा ठरवू दिल्या) की आर्सेनिक मोजलेल्या जागेपेक्षा साधारण ०.१ अँगस्ट्रॉम खाली येतो आणि बँड बदलतात. चुंबकत्व धरलं तर उंची सुधारते, पण बीएएफई२एएस२ या बेरियमच्या संयुगात लोखंडाच्या अणूचा चुंबकी मोमेंट २ बोर मॅग्नेटॉनच्या (त्याच्या एककाच्या) आसपास निघतो. न्यूट्रॉन प्रयोगात तो ०.८७ आहे. माझ्या मते मोजलेली उंचीच वापरावी.

नमुन्याचं म्हणाल, तर केएफई२एएस२ हे पोटॅशियमचं संयुग हवेत टिकत नाही आणि मुंबईचा जुलै त्याला अजिबात मानवत नाही. चिकटपट्टीने सोललेला थर आरशासारखा चकाकत असेल तेव्हाच काम उरका. चमक गेली की तो टाकून नवा थर सोला. तारा जोडायच्या तर ग्लोव्ह बॉक्समध्ये, म्हणजे हवाबंद पेटीत. बीएएफई२एएस२चे स्फटिक वितळलेल्या कथिलात वाढवलेले असतील आणि १४० केल्विनजवळचं चुंबकी संक्रमण बरंच खाली आलं असेल, तर कथिल आत शिरलं आहे का ते आधी पाहा.

विशिष्ट उष्णतेतला इलेक्ट्रॉनांचा वाटा सांगणारा गॅमा सूत्र-मोलमागे छापतात; इलेक्ट्रॉन जड तर तो मोठा. केएफई२एएस२चा साधारण १०० मिलिजूल (दर मोल, दर केल्विन वर्ग) दिसतो, पण सूत्रात लोखंडाचे दोन अणू आहेत. एफईएसईच्या सूत्रात एकच आहे, म्हणून त्याच्याशी तुलना करताना आधी २ ने भागा.