चोर्ला घाट चढण्याआधी साखळीत करायची तयारी

पावसाळ्यात गोव्यातल्या साखळीहून चोर्ला घाटानं बेळगावला निघताना मी आधी गाडीकडे बघत नाही, फोन लावतो. एक घाटाखालच्या केरीतल्या ओळखीच्या दुकानदाराला, एक घाटावरच्या कणकुंबीला. "रात्री काय पडलं काय?" एवढंच विचारायचं. मोबाइलच्या नकाशावर रस्ता निळा दिसला म्हणजे तो चालू आहे असं धरू नका. दरड कोसळली तरी नकाशाला पत्ता लागायला वेळ लागतो. दुसरी खूण समोरून येणाऱ्या गाड्यांची. केरीपासून अंजुणे धरणापर्यंत बेळगावकडची एकही गाडी भेटली नाही, तर वर काहीतरी अडलंय समजा आणि तिथंच वळा. घाटात शिरल्यावर वळायला जागा शोधत बसावं लागतं, आणि मागे तोवर रांग लागलेली असते.

म्हणून दुसरा रस्ता कुठला, हे साखळीतच ठरवून ठेवा. उसगाव-मोलेमकडून अनमोड घाट चढून रामनगर, लोंढा, खानापूर हा एक. पण त्याचीही खात्री करा; 2025 च्या जुलैत तिथं रस्त्याची कडाच खचली होती आणि अवजड वाहनं बंद केली होती. दुसरा दोडामार्ग, बांदा, सावंतवाडी करत आंबोलीचा. लांब पडतो, पण वाटेत गावं आणि चहा दोन्ही मिळतात. तिलारीचा घाट नकाशावर जवळचा दिसतो म्हणून कुणी सुचवेल. छोटी गाडी आणि घाटाची सवय असेल तरच जा. तिथला चढ आणि वळणं लांब गाडीला झेपत नाहीत.

टॅक्सी-टेम्पोवाल्यांनी एक विसरू नये. बेळगावसाठी कर्नाटकाचा टॅक्स भरून निघालात आणि आंबोलीकडे वळलात, तर मध्ये महाराष्ट्र लागतो. तिथले कागद आहेत का ते निघतानाच बघा.

टाकी साखळीत फुल्ल करा. तसंही आपलं गोव्यातलं पेट्रोल पलीकडच्या कर्नाटकापेक्षा स्वस्त. वायपरचे रबर, ब्रेक, टायर हे सगळे बघतात. स्टेपनीत हवा मात्र कुणी बघत नाही. धुक्यात लाइट खालचा लावा. चारही इंडिकेटर लावून गाडी चालवणाऱ्यांचं मला कधी कळलेलं नाही, मागच्याला तुम्ही वळताय की थांबलाय हे समजणार कसं? ते गाडी उभी असताना लावायचे. उतारावर ज्या गिअरमध्ये घाट चढला असता, त्याच गिअरमध्ये उतरा.

गाडीत पाणी घरातल्या कळशीच्या हिशेबानं घ्या, बाटलीच्या नव्हे. चपात्या, केळी, टॉर्च, छत्री, एक जुनी चादर. रोख पैसे हवेतच, कारण रेंज नसली की फोनवरून पैसे जात नाहीत. बेळगावच्या डॉक्टरकडे पेशंट घेऊन जात असाल तर दोन दिवसांची औषधं फाइलबरोबरच ठेवा, डिकीत नको.

आता थांबायचं कुठे, हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. एकदा रांगेत माझ्यापुढे बेळगावची भाजी गोव्यात उतरवून परतणारा रिकामा टेम्पो होता. आम्ही डोंगराच्या कुशीला गाड्या लावून गप्पा मारत होतो. माझ्या बॉनेटवर टक् करून एक खडा पडला. मग दुसरा. मी हसलो, पण टेम्पोवाला हसला नाही. त्यानं चाकामागचा दगड पायानं उडवला आणि म्हणाला, "भाऊ, गाडी काढ." दोघांनी गाड्या वळणाच्या पुढे, मोकळ्यावर नेल्या. आधीच्या जागी तासाभरानं टोपलीभर माती आली, एवढंच. पण ती सवय मला तेव्हापासून लागली. जांभ्यावरची माती पाणी पिऊन जड होते, आणि रस्त्यासाठी डोंगर उभा कापलेला असला की तिला खालून आधार राहत नाही. खडे पडू लागले, झाडं रस्त्याकडे कलली, झऱ्याचं स्वच्छ पाणी अचानक गढूळ झालं, की तिथून हला. टपरी दिसली म्हणूनही कड्याखाली थांबू नका. 16 जुलै 2024 ला कर्नाटकातल्या अंकोल्याजवळ शिरूरला डोंगर कोसळला तेव्हा चहाच्या टपरीसकट तिथं उभ्या असलेल्या गाड्या मातीत आणि गंगावळी नदीत गेल्या.

जेसीबी काम करत असेल तर पायी पुढे जाऊन व्हिडिओ काढू नका. एक बाजू मोकळी झाली की रांग मोडून पुढे घुसणारा एकजण निघतोच, आणि त्याच्यापायी दोन्हीकडच्या गाड्या पुन्हा अडकतात. कुणी जखमी असेल तर 112 किंवा 108, पण रेंज मिळेल तिथपर्यंत एखाद्या मोटरसायकलवाल्याला पाठवावं लागेल हे धरून चला.

केरी सोडण्याआधी घरी एक फोन करा. मी आईला फक्त घाटाचं नाव सांगतो. पोचायची वेळ सांगत नाही. सांगितली की ती त्या वेळेपासून दारात उभी.