शाळकरी मूल अंथरूण ओलं करतं? या चुका टाळा

आमच्या तालुक्याच्या गावी एका बालरोगतज्ज्ञांच्या दवाखान्यात मी केसपेपर काढते आणि मुलांची वजनं घेते. डॉक्टरांच्या आधी सगळं ऐकायला मिळतं ते मला. शाळेत जाणारं मूल रात्री अंथरुणात शू करतं, ही तक्रार बारा महिने असते, पण खरी गर्दी जून-जुलैत. मे महिन्यात गादी खळ्यात टाकली की दुपारपर्यंत कडक वाळते, म्हणून कोणाला घाई नसते. पाऊस लागला, चुलीवरच्या दोरीला गोधड्या लटकल्या आणि घरभर वास सुटला की आईबापांचा धीर सुटतो. दुसरी लाट गणपतीच्या तोंडावर. चाकरमानी येणार, माजघरात सगळी पोरं एका ओळीत झोपणार, तेव्हा आठ दिवसांत थांबेल असं काहीतरी द्या! तसं काही नसतं. ज्यांना ते हवंय त्यांनी पुढचं नाही वाचलं तरी चालेल.

पाच वर्षांच्या शंभर मुलांमागे साधारण पंधराजणांना हा त्रास असतो, दहाव्या वर्षी पाचेकजणांना. म्हणजे दुसरी-तिसरीच्या भरलेल्या वर्गात दोन-तीन मुलं असतातच, फक्त त्यांच्या आया एकमेकींना सांगत नाहीत. आईबापांपैकी एकाला लहानपणी हा त्रास असेल, तर मुलाला तो होण्याची शक्यता निम्म्याच्या जवळपास जाते. आजी सोबत आली असेल तर ती हळूच सांगून टाकते, "हेचो बापूसय तसोच होतो." मग इतका वेळ पोरावर डाफरणारा बाप खिडकीबाहेर बघायला लागतो.

डाफरणं ही पहिली चूक. "मुद्दाम करता ओ तो!" अहो, झोपेत कोण मुद्दाम करेल? रात्री लघवी कमी तयार व्हावी म्हणून शरीरात एक संप्रेरक वाढतं, ते काही मुलांत पुरेसं वाढत नाही. काहींची मूत्राशयाची पिशवी लवकर भरते. आणि पिशवी भरली तरी झोप मोडत नाही. यातलं काहीच मुलाच्या हातात नाही. उदबत्तीचा चटका देणाऱ्यांशी मी नीट बोलूही शकत नाही. चारचौघांत ओली चादर मुलाच्या डोक्यावर देऊन फिरवणारेही त्यांच्याच पंगतीतले.

आता माझी सर्वांत नावडती चूक, म्हणजे पाणी तोडणं. "पाचनंतर पाण्याचो थेंब देवक नाय, तरी भिजवता," असं अभिमानाने सांगतात. देवगडकडचा एक नऊ वर्षांचा मुलगा असाच आला होता. संध्याकाळपासून पाणी बंद, ताटात वरणसुद्धा आईने कमी केलेलं. मी विचारलं, शाळेत किती पितोस? बाटली भरलेली जाते आणि भरलेलीच परत येते. का? तर शाळेच्या मुतारीत वास येतो, तिथे जायला नको म्हणून प्यायचंच नाही. सकाळी घरातून करून निघायचं ते थेट संध्याकाळी घरी येऊन. मग तहानेने जीव कासावीस, आणि नेमकी तेव्हाच आई तांब्या उचलून ठेवते. पोर न्हाणीत जाऊन बादलीतलं पाणी चोरून पीत होतं.

मग मी संडासचं विचारलं. "रोज जातो," आई ठामपणे म्हणाली. हे उत्तर मी कधीच खरं धरत नाही. नऊ वर्षांच्या मुलामागे आई कुठे आत जाते? तेवढ्यात आजी बोलली की नव्या घरातला संडास सारखा तुंबतो, पोर जाऊन आलं की दोन बादल्या ओताव्या लागतात. डॉक्टरांनी पोटाला हात लावला, डाव्या बाजूला खाली खडे भरल्यासारखं लागत होतं. पोर तीन-चार दिवसांनी एकदा जायचं आणि एवढं घट्ट व्हायचं की पॅनमध्ये अडकायचं. आतडं असं भरलेलं असलं की ते पुढच्या मूत्राशयाला दाबतं आणि लघवीला जागा उरत नाही. लघवीचं औषध मागायला आलेल्या कुटुंबाला आम्ही पोट साफ होण्याचं औषध दिलं, आणि ते काही महिने चालणार असं सांगितलं. बाप चिडलाच. बहुतेक घरांत दोन दिवस मोकळं झालं की औषध बंद करतात, आठवड्यात पुन्हा खडे.

माझी स्वतःची त्यात एक भर असते. हल्ली आजी-आजोबांच्या गुडघ्यांसाठी घरोघरी कमोड आले. त्यावर लहान मूल बसलं की पाय लोंबकळतात आणि जोर लागत नाही. पायाखाली जेवणाचा जुना पाट ठेवा आणि सकाळी खाल्ल्यावर दहा मिनिटं बसवा, झालं नाही तरी बसवा. त्या मुलाच्या घरी तेवढं केलं, बाटली शाळेतून रिकामी यायला लागली, गुरुजींशी बोलून मधल्या सुट्टीत मुतारीला जायचं ठरलं. शिमग्यापर्यंत भिजणं आठवड्यातून एखाद्या रात्रीवर आलं. रात्रीसाठी वेगळं काहीच दिलं नव्हतं.

पाणी तोडायचं नसतं, पुढे सरकवायचं असतं. दिवसभराच्या पाण्याचे पाच भाग धरा, त्यातले चार संध्याकाळी पाचच्या आत पोटात जाऊ देत. उरलेला एक रात्री झोपेपर्यंत. आमच्या दमट हवेत घामाने अंग निथळत असताना मुलाला तहानेलं ठेवणं हा अघोरीपणा आहे. रात्री वाटीभर सोलकढी चालेल, तांब्याभर नाही. चहा आणि कोला मात्र दुपारनंतर बंद. गणपतीत पोरं भजनासोबत घरोघरी फिरतात, प्रत्येक खळ्यात कपभर चहा घेतात, मध्यरात्री येऊन आडवी होतात, आणि सकाळी आईला नवल वाटतं.

रविवारी एक काम करा. मूल लघवीला जाईल तेव्हा प्रत्येक वेळी मापाच्या भांड्यात करायला सांगा. वयात एक मिळवून तिसाने गुणा, साधारण तेवढे मिलिलिटर त्या वयाच्या पिशवीत मावायला हवेत. आठ वर्षांच्या मुलाला 270. कधीच शंभर-सव्वाशेच्या वर जात नसेल तर ते लिहून आणा. औषधं विचारण्याआधी हा कागद आणणाऱ्या आईला मी रांगेत पुढे घेते, कोणाला राग आला तरी.

रात्री बारा वाजता बाप झोपलेलं मूल उचलून मागीलदारी नेतो आणि तोंडाने "सू" करतो. गादी वाचते, हे खरं. पण मूल झोपेतच करतं, उठायला काही शिकत नाही. नेणारच असाल तर पूर्ण जागं करा, स्वतःच्या पायांनी चालू द्या. आणि संडास बाहेर असेल तर वाटेवर दिवा लावा. पावसाळी अंधारात जनावराच्या भीतीने मोठी माणसं जात नाहीत, पोर काय जाणार?

अलार्म चांगला, पण त्याला दोन-तीन महिने द्यावे लागतात. चड्डी ओली झाली की तो वाजतो. सुरुवातीला मूल सोडून सगळं घर उठतं, आणि त्याला उठवायचं काम तुमचं. सलग चौदा रात्री कोरड्या गेल्यावर बंद करायचा. आठवड्याने कपाटात टाकलेल्या अलार्मांचं दुकान काढता येईल.

रात्रीची लघवी कमी करणारी डेस्मोप्रेसिनची गोळी लग्नकार्य किंवा सहलीपुरती कामाची आहे, पण डॉक्टरांनीच दिलेली. घेण्याआधी तासभर आणि नंतर आठ तास पाणी अगदी घोटभरच. वर सरबतं प्यायली तर रक्तातलं सोडियम उतरून झटके येऊ शकतात. ताप-जुलाबाच्या दिवशी ती द्यायची नाही. शेजारच्या मुलाच्या उरलेल्या गोळ्या तर कधीच नाही, त्यात इमिप्रामिन हे याच त्रासावरचं जुनं औषध असलं, तर त्याचा जास्त डोस हृदयावर जातो.

तिळाच्या लाडवाने भिजणं थांबतं असं घरोघरी सांगतात. द्या की लाडू, खाणं चांगलंच आहे. गादी त्याने कोरडी राहील ही आशा ठेवू नका.

शेवटची चूक क्वचित होते, पण जिवावर बेतते. सहा महिन्यांहून जास्त कोरडं राहिलेलं मूल अचानक भिजवायला लागलं की घरात "भियालो असतलो", "बाहेरचा कायतरी असा" सुरू होतं आणि देवाला गाऱ्हाणं घालायला दिवस ठरतो. गाऱ्हाणं घाला, पण मूल सारखं पाणी पीत असेल, जूनमध्ये शिवलेला गणवेश ढगळ झाला असेल, लघवीला मुंग्या लागत असतील, तर त्याच दिवशी रक्तातली साखर तपासा. बोटाच्या थेंबावर मिनिटात कळतं. लहान मुलांचा मधुमेह आठवडाभर थांबत नाही. दिवसाही चड्डी ओली राहणं, जळजळ, ताप, बारीक धार, जोरात घोरणं, यातलं काही असेल तरी लवकर दाखवा.

आणि लघवी तपासायला सांगितली तर खोकल्याच्या औषधाच्या विसळलेल्या बाटलीतून आणू नका. तपासणीत साखर दिसते, ती पोराची की सिरपची ते कळत नाही, आणि घरात रडारड होते. डबी आम्ही देतो.